ब्लॉकेज नाही, पण झटका खरा : लालबागच्या एका रुग्णाचं प्रकरण

लालबागमधल्या एका चाळीत राहणाऱ्या ५१ वर्षांच्या बाईंना गणपतीच्या दिवसांत हृदयविकाराचा झटका आला. तिसऱ्या दिवशी अँजिओग्राफी झाली. तीत मोठा अडथळा सापडला नाही. पुढच्या दोन महिन्यांत त्यांची हृदयाची जवळजवळ सगळी औषधं बंद झाली. ती कोणा डॉक्टरांनी थांबवली नाहीत, घरच्यांनीच थांबवली. घरच्यांना तसं करण्यात काही गैर वाटू नये, असं मात्र बरंच काही त्यांना सांगितलं गेलं होतं आणि कागदावरही लिहिलेलं होतं. त्या माझ्याकडे आल्या त्या साखरेसाठी आणि चक्कर येते म्हणून. ओळख पटेल असे तपशील बदलून हे प्रकरण मांडते आहे.

बाई पोळी-भाजी केंद्रात काम करतात. सकाळी सहापासून दुपारपर्यंत तव्यासमोर उभं राहायचं, मग घरचा स्वयंपाक, मग संध्याकाळच्या ऑर्डरी. गणपतीत उकडीच्या मोदकांचं काम वाढतं, त्या दहा दिवसांत रात्रीचे अकरा सहज वाजतात. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्या वर्षी मुलीचं लग्न ठरलं होतं. लग्न ठरल्याची ही बातमी पुढे त्यांच्या तपासणीत आडवी आली.

झटक्याच्या आधीच्या आठवडाभरात त्यांना जिना चढताना दोनदा थांबावं लागत होतं. हातपाय गळून जायचे, झोप मोडायची. पाठीत, दोन खांद्यांच्या हाडांच्या मधोमध आवळल्यासारखं व्हायचं आणि पिठाचा डबा उचलला की जबड्यापर्यंत ओढ लागायची. गल्लीतल्या डॉक्टरांनी पित्ताचं इंजेक्शन आणि गोळ्या दिल्या. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, दगदग झाली आहे. झाली होतीच. पण दगदग दरवर्षी व्हायची आणि जिन्यात थांबावं लागणं नवीन होतं. हा फरक बाईंच्या स्वतःच्या लक्षात आला होता. त्यांनी तो जावेजवळ बोलूनही दाखवला होता. डॉक्टरांना सांगितला नाही, कारण त्यांनी जिन्याचं विचारलंच नाही.

२००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात झटका येऊन गेलेल्या ५१५ स्त्रियांना झटक्याआधीच्या काळाबद्दल विचारलं होतं. ९५ टक्के जणींना आधीपासून काही ना काही जाणवत होतं. सर्वांत जास्त, म्हणजे सुमारे ७१ टक्के जणींनी, नेहमीपेक्षा वेगळा थकवा सांगितला आणि जवळपास निम्म्या जणींनी झोपेची तक्रार. थकलेली प्रत्येक बाई हृदयरोगी नसते, हे उघड आहे. मात्र मधुमेह असलेली, पन्नाशीची बाई रोजच्याच जिन्यावर नव्याने थांबायला लागली, तर पित्ताच्या गोळीआधी ईसीजी निघायला हवा, एवढं मी ठामपणे म्हणेन.

झटक्याची रात्र गौरी विसर्जनानंतरची. दीडच्या सुमारास दरदरून घाम, दोन उलट्या, पाठ आणि दोन्ही हात भरून आलेले, छातीवर ओझं ठेवल्यासारखं. मुलाने टॅक्सी केली. लालबागचे रस्ते त्या दिवसांत बांबू लावून अडवलेले असतात, गर्दी रात्रीही ओसरत नाही. त्यामुळे मोठ्या रुग्णालयाऐवजी जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं. तिथे ईसीजीच्या दोन लीडमध्ये, म्हणजे आलेखाच्या दोन पट्ट्यांत, टी-वेव्ह या लाटा किंचित उलट्या दिसल्या. हृदयाला रक्त कमी पडत असल्याची ही खूण असू शकते. रक्तातल्या ट्रोपोनिनचा आकडा आला २४. अहवालावर छापलेली मर्यादा होती २६. ‘ट्रोपोनिन निगेटिव्ह’ असं लिहून, गॅस आणि लग्नाचं टेन्शन असल्याचं सांगून पहाटे साडेचारला घरी पाठवलं.

या २४ आकड्यापाशी थोडं थांबते. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरतं. निरोगी स्त्रियांच्या रक्तात ते निरोगी पुरुषांपेक्षा मुळातच कमी असतं. अतिसंवेदनशील ट्रोपोनिन-आयच्या एका प्रचलित चाचणीत पुरुषांसाठी मर्यादा ३४ आहे, स्त्रियांसाठी १६ आणि दोघांना एकत्र धरलं तर २६ नॅनोग्रॅम प्रति लिटर. प्रयोगशाळेने एकत्रित मर्यादा छापली म्हणून बाई निगेटिव्ह ठरल्या. स्त्रियांची मर्यादा छापली असती तर तोच आकडा ठळक अक्षरांत आला असता. झटक्याच्या व्याख्येबाबत २०१८ साली जी आंतरराष्ट्रीय सहमती झाली, तिच्यातही अतिसंवेदनशील चाचणीसाठी स्त्री-पुरुषांच्या मर्यादा वेगळ्या ठेवाव्यात असं म्हटलं आहे.

मर्यादा कोणतीही धरली, तरी दुखणं सुरू होऊन तासभरही झालेला नसताना घेतलेल्या एकाच नमुन्यावर निकाल देता येत नाही. तो आकडा तेव्हा नुकता चढायला लागलेला असतो. एक ते तीन तासांनी दुसरा नमुना घ्यावाच लागतो, पुरुषाचा असो वा बाईचा. इथे दुसरा नमुना घेतला गेला नाही आणि ईसीजीही पुन्हा काढला नाही. तपासणीच्या कागदावर ‘मुलीचं लग्न ठरलं आहे’ हे लिहिलेलं होतं. मधुमेह सात वर्षांचा आहे, हे लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास पुन्हा तसंच झालं, तेव्हा एका मोठ्या रुग्णालयात नेलं. तिथे काम चोख झालं. ट्रोपोनिन ३१८, तीन तासांनी हजारावर. ईसीजीत छातीच्या चार लीडमध्ये टी-वेव्ह स्पष्ट उलट्या. एसटी न उचललेला, म्हणजे ईसीजीतला एसटी हा भाग वर न चढलेला झटका असं निदान झालं, गुठळी रोखणारं हेपरिन सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी मनगटातून अँजिओग्राफी केली गेली. हृदयाच्या पुढच्या बाजूने उतरणाऱ्या मुख्य वाहिनीत ४० टक्के अरुंदपणा, इतरत्र कडा थोड्या खडबडीत, रक्त जरा संथ वाहणारं. स्टेंट टाकण्यासारखं काही नव्हतं आणि तो टाकला नाही, हे अगदी योग्यच झालं.

डिस्चार्जच्या कागदावर निदानाच्या रकान्यात एकच ओळ होती : ‘नॉन-क्रिटिकल कोरोनरी आर्टरी डिसीज, मेडिकल मॅनेजमेंट’, म्हणजे हृदयाच्या वाहिन्यांचा गंभीर नसलेला आजार, उपचार औषधांनी. झटका हा शब्द तिथे नव्हता. तो तिसऱ्या पानावर, बारीक अक्षरातल्या माहितीत होता. तोंडी सांगितलं गेलं ते असं : “ब्लॉकेज नाही मावशी, नशीबवान आहात.”

कॅथ लॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी होते त्या खोलीत, दिवसभर रुग्णांची रांग लागलेली असते, आणि तिथला पहिला प्रश्न ‘स्टेंट हवा की नको’ हाच असणार. तो प्रश्न सोडवणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण निदान म्हणून घरी पाठवण्याबद्दल.

कारण घरी काय घडलं ते पाहा. थोरल्या दिरांना काही वर्षांपूर्वी दोन स्टेंट बसलेले. त्यांच्या पाकिटात स्टेंटचं कार्ड असतं, गोळ्यांचा डबा देवघराशेजारी असतो, पाण्याची बादली उचलायला गेले तर चार जण धावतात. बाईंच्या हाती कार्ड आलं नाही. ‘रिपोर्ट नॉर्मल आला’ हे चाळभर झालं, देवाला नारळ फुटला. पंधराव्या दिवशी त्या तव्यासमोर उभ्या होत्या. पहिल्यांदा कोलेस्टेरॉलची गोळी गेली, कारण पाय दुखत होते. मग रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या, कारण हिरड्यांतून रक्त येत होतं आणि ‘ब्लॉकेज नाही तर ही कशाला?’ उरली एक बीटा-ब्लॉकर, म्हणजे नाडी संथ ठेवणारी गोळी, तीही स्वस्त होती म्हणून. तिनेच बहुधा चक्कर येत होती.

माझ्याकडे आल्या तेव्हा मुलगी फाइल घेऊन बरोबर होती. “मावशी, जिना चढताना आता कसं वाटतं?” असं विचारल्यावर बाईंनी उत्तर देण्याआधी मुलीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “तसंच होतं. पण ते हार्टचं नाहीये, तपासलंय ना.”

त्या दिवशी घेतलेला पूर्वेतिहास इथे देते, कारण आधीच्या कोणत्याही कागदावर तो पूर्ण नव्हता. दुसऱ्या बाळंतपणात सातव्या महिन्यात अंगावर सूज आणि रक्तदाब चढलेला, म्हणून मुलगा आधी काढावा लागला. पाळी त्रेचाळिसाव्या वर्षी गेली. आई अठ्ठावन्नाव्या वर्षी झोपेत गेली, कशाने ते कोणी पाहिलं नाही. सिगारेट अर्थातच नाही, त्यामुळे प्रत्येक कागदावर तंबाखूपुढे ‘नाही’. पण लग्नानंतर सासूबरोबर लागलेली मशेरी दिवसातून दोनदा, पंचवीसहून अधिक वर्षं. रक्तदाब १५०/९४, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल १४६, एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर ८.४; तिन्ही जास्तच.

यातल्या काही गोष्टी फक्त स्त्रीच्याच आयुष्यात येऊ शकतात आणि हृदयाच्या तपासणीत त्या विचारल्या जात नाहीत. गरोदरपणातल्या त्या विकाराला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. तो होऊन गेलेल्या बाईला पुढे हृदयविकार होण्याची शक्यता साधारण दुप्पट असते. बाळंतपण झालं की रक्तदाब उतरतो, फाइल बंद होते आणि वीस वर्षांनी ती कोणी उघडत नाही. पाळी लवकर जाणंही जोखमीचं. इस्ट्रोजेनमुळे वाहिन्यांचं अस्तर लवचीक राहायला मदत होते. ते कमी झालं की एलडीएल वाढतं, रक्तदाब वाढतो. मुलीने लगेच विचारलं, मग हार्मोनच्या गोळ्या द्यायच्या का? नाही. हृदयाच्या रक्षणासाठी त्या उपयोगी पडतील ही आशा बरीच वर्षं होती. २००२ साली अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या चाचणीतला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनचा भाग मुदतीआधी थांबवावा लागला. त्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये स्तनांचा कर्करोग, पक्षाघात आणि हृदयविकाराचे प्रसंग कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले.

मधुमेह तर दोघांनाही होतो, पण हृदयाच्या बाबतीत त्याचा भार सारखा नसतो. मधुमेहामुळे हृदयविकाराची जोखीम किती पटींनी वाढते हे पाहिलं, तर स्त्रियांमधली वाढ पुरुषांपेक्षा सुमारे ४४ टक्के जास्त भरते, असं २०१४ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात आढळलं. पाळी जाईपर्यंत बाईला हृदयाचं संरक्षण असतं असं आपण म्हणतो. मधुमेह ते संरक्षण बरंचसं काढून घेतो. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात स्त्रियांना पहिला झटका पुरुषांपेक्षा सरासरी नऊ वर्षं उशिरा येत असल्याचं दिसलं. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना तो इतरांपेक्षा काही वर्षं लवकर येतो, हेही दिसलं. आपल्याकडे पन्नाशीची बाई ‘अजून वय नाही’ या सबबीवर बाजूला ठेवणं मला धोक्याचं वाटतं ते म्हणूनच. तंबाखू नुसती चघळणाऱ्यांमध्येही झटक्याची शक्यता दुपटीहून जास्त असल्याचं याच अभ्यासाच्या पुढच्या मांडणीत आलं. मशेरीत धूर नसतो, निकोटिन असतंच. ते नाडी वाढवतं आणि वाहिन्या आवळतं. विचारताना ‘तंबाखू घेता का?’ असं विचारून मुंबईतल्या बायकांकडून उत्तर मिळत नाही. ‘दात कशाने घासता?’ असं विचारलं की मिळतं.

आता मुख्य प्रश्न. मोठ्या वाहिन्या खुल्या होत्या, तर स्नायूला इजा झाली कशी?

अशा झटक्यांना वैद्यकात ‘मिनोका’ म्हणतात : झटका आहे, पण अँजिओग्राफीत ५० टक्के किंवा त्याहून मोठा अडथळा नाही. एकूण झटक्यांत यांचं प्रमाण सुमारे ६ टक्के आणि त्यात स्त्रिया तुलनेने पुष्कळ जास्त. मिनोका हे अंतिम निदान नाही. कारण शोधायला सुरुवात करा, एवढंच ते सांगतं. पुरुषांमध्ये बहुतेकदा चरबीचा थर फुटतो आणि त्यावर गुठळी बसते. स्त्रियांमध्ये, विशेषतः कमी वयात, थर न फुटता त्याचं वरचं अस्तर खरवडल्यासारखं निघतं. त्यावर गुठळी बसते, स्नायूला इजा करते आणि कधी विरघळूनही जाते. हेपरिन चालू असताना तिसऱ्या दिवशी अँजिओग्राफी केली तर ती दिसेलच असं नाही. दुसरी शक्यता वाहिनी काही मिनिटांसाठी आवळून बंद होण्याची. तिसरी, वाहिनीच्या भिंतीत आपोआप चीर पडण्याची. हिचे बहुसंख्य रुग्ण स्त्रियाच असतात, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर येणाऱ्या झटक्याचं ते महत्त्वाचं कारण आहे, आणि अँजिओग्राफीची फिल्म बारकाईने पाहिली नाही तर ती निसटते. शिवाय हृदयाच्या स्नायूला सूज येणं किंवा मोठ्या धक्क्यानंतर हृदय तात्पुरतं फुग्यासारखं होणं, असे झटक्याची नक्कल करणारे आजारही आहेत.

आम्ही मूळ फिल्म मागवली. हृदयरोगतज्ज्ञ सहकाऱ्यांनी ती नव्याने पाहिली. चीर नव्हती. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, रक्त बाहेर ढकलण्याची क्षमता ५५ टक्के, म्हणजे ठीकच, पुढच्या भिंतीचा एक तुकडा किंचित मंद. मग हृदयाचा एमआरआय करायचं ठरलं. मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिएटिनिन पाहून, आणि चित्र स्पष्ट यावं म्हणून गॅडोलिनियम हे द्रव्य शिरेतून देऊन. हा खर्च घरच्यांना पटवणं सर्वांत कठीण गेलं. अँजिओग्राफीनंतर आणखी काय तपासायचं, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. मी त्यांना सांगितलं की झटका खरा होता की नक्कल, हे या चित्रात कळेल आणि त्यावर आयुष्यभराच्या गोळ्या ठरतील. झटक्यानंतर दोन आठवड्यांत हा एमआरआय केला तर जास्त सांगतो. आमच्याकडे सूज ओसरून गेली होती, व्रण मात्र होता. पुढच्या भिंतीच्या आतल्या थरात, त्याच ४० टक्क्यांच्या वाहिनीच्या प्रदेशात. सूज येणाऱ्या आजारात व्रण असा आतल्या थरापासून सुरू होत नाही. रक्त तुटल्यामुळे मेलेल्या स्नायूचीच ती खूण होती.

मिनोका झालेल्या स्त्रियांवरचा २०२१ चा एक अभ्यास इथे आठवतो. वाहिनीच्या आतून प्रकाशाने चित्र घेणं आणि एमआरआय या दोन्हींची सांगड घातल्यावर सुमारे ८५ टक्के जणींमध्ये कारण सापडलं, आणि बहुतेक वेळा ते रक्तपुरवठ्याशीच संबंधित होतं. ‘काही सापडलं नाही’ असं म्हणण्याआधी शोधलं किती, हे म्हणून विचारायचं.

बाईंना अजूनही पहाटे, झोपेतून उठल्यावर आवळल्यासारखं होत होतं. त्यावरून वाहिनी आवळण्याचा किंवा बारीक वाहिन्यांच्या जाळ्यातल्या बिघाडाचा संशय राहतो. हे जाळं अँजिओग्राफीत दिसत नाही. कॅथेटरमधून औषध सोडून त्याची परीक्षा करता येते. ग्लासगोकडच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवलं, की अशी परीक्षा करून त्याप्रमाणे औषध बदललं तर छातीचा त्रास कमी होतो. पण ही सोय अजून मोजक्याच ठिकाणी आहे आणि बाई पुन्हा कॅथ लॅबमध्ये जायला तयार नव्हत्या. मीही आग्रह धरला नाही. बीटा-ब्लॉकर हळूहळू काढून वाहिन्या सैल करणारं डिल्टियाझेम दिलं. दोन आठवड्यांत पहाटेचा त्रास बराच कमी झाला. उपचाराला मिळालेला प्रतिसाद म्हणजे निदानाचा पुरावा नव्हे, पण बाईंना जिना चढता येऊ लागला.

बाकीच्या औषधांमागे काय आधार आहे? स्वीडनमध्ये मिनोकाच्या ९ हजारांवर रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. साधारण चार वर्षांत त्यांतल्या जवळपास २४ टक्के रुग्णांना मृत्यू, दुसरा झटका, पक्षाघात किंवा हृदयाच्या निकामीपणामुळे भरती यांपैकी काहीतरी घडलं. ‘नशीबवान’ म्हणावं असा हा आकडा नाही. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन आणि रॅमिप्रिलसारखी रक्तदाबाची औषधं घेणाऱ्यांमध्ये हे प्रसंग कमी दिसले. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या एकत्र घेण्याचा फायदा तितका स्पष्ट दिसला नाही. हा नोंदींवरचा अभ्यास आहे, चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे गट पाडून केलेली चाचणी नव्हे, तेव्हा त्याला तेवढंच वजन द्यायचं. त्यावरून आम्ही अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन पुन्हा सुरू केलं, पाय दुखले म्हणून कमी मात्रेपासून चढवत नेलं. रॅमिप्रिल दिलं, अ‍ॅस्पिरिन एकच ठेवलं. हिरड्या दंतवैद्यांनी पाहिल्या. रक्त येण्याचं कारण मशेरीने खराब झालेल्या हिरड्या हेही होतं. छातीत आवळलं की जिभेखाली ठेवायच्या गोळीचं पाकीट ब्लाउजच्या बटव्यात ठेवायचं ठरलं, कारण पर्स केंद्रावर खुंटीला टांगलेली असते.

ट्रोपोनिनच्या मर्यादेचा मुद्दा मघाशी आला. त्याला एक जोड द्यायला हवी. स्कॉटलंडमधल्या मोठ्या चाचणीत स्त्री-पुरुषांच्या वेगळ्या मर्यादा वापरल्यावर हृदयाला इजा झाल्याचं ज्यांच्यात नव्याने ओळखलं गेलं, त्यांच्यात स्त्रिया पुरुषांच्या पाचपट निघाल्या. तरीही त्यांना उपचार पुरुषांच्या साधारण निम्मेच मिळाले आणि पुढचा परिणाम सुधारला नाही, असं २०१९ साली प्रसिद्ध झालं. म्हणजे आकडा बरोबर छापणं ही पहिली पायरी. लालबागच्या या घरात मोठ्या रुग्णालयात निदान बरोबर झालं होतं, ते घरापर्यंत पोचलं नव्हतं. माझा आग्रह आहे तो याच जागी : डिस्चार्जच्या पहिल्या ओळीत ‘हृदयविकाराचा झटका’ हे लिहावं, ‘मोठा अडथळा नाही’ हे त्यानंतर, आणि गोळ्या किती काळ घ्यायच्या व का, हे मराठीत.

तसा कागद आम्ही नव्याने करून दिला. मुलीने तो लॅमिनेट करून दिरांच्या स्टेंट-कार्डाशेजारी ठेवला. दीर स्वतः तो वाचून गेले आणि बाईंच्या गोळ्यांची आठवण करायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. ‘घरात दिवसभर चालतेच की मी’ या उत्तरावर बरीच चर्चा झाली. शेवटी शेजारणीबरोबर अभ्युदयनगरच्या मैदानात संध्याकाळी अर्धा तास, न थांबता, हे मान्य झालं. सुरुवातीला दहा मिनिटं.

सहा महिन्यांनी एलडीएल ६४, एचबीए१सी ७.२, रक्तदाब १२८/८०. केंद्राच्या मालकीणबाईंनी तव्यावरून काढून पॅकिंगला बसवलं आहे, पगार तोच. जिना एका दमात होतो. संध्याकाळची मशेरी सुटली, सकाळची अजून सुटलेली नाही. तिच्यासाठी पुढच्या भेटीत निकोटिनच्या गमचा विचार आहे. मुलीच्या सासरी पाळणा हलण्याची चाहूल आहे, म्हणून तिला पहिल्याच तपासणीत आईचा प्रीएक्लॅम्पसिया आणि झटका या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना सांगायला सांगितलं आहे.